थंड तेलाचं प्रेशर

"बाई, ह्याची उचल गेलीया बघा," इंजिन बंद न करताच मुजावर चाचा वरूनच ओरडले. "सकाळी नांगर जरा तरी पलटतो. ऊन चढलं की मधीच लोंबकळतो. मग मी खाली उतरून लाथा घालतो."

"नांगराला का ट्रॅक्टरला?"

"दोघांस्नी बी."

मी हसत हात पुसले आणि पुढे झाले. तालुक्याच्या बाजारपेठेमागे माझी हायड्रॉलिक दुरुस्तीची शेड होती. असले जुने ट्रॅक्टर रोजच यायचे. नवा पलटी नांगर घ्यायचा आणि तो ओढायला बापाच्या वेळचा ट्रॅक्टर, असा बहुतेकांचा हिशेब. ट्रॅक्टरच्या मागे पाइप जोडायला दोन तोंडं असतात. त्यांतून तेलाचं प्रेशर नांगराला किंवा ट्रॉलीच्या जॅकला मिळतं. त्याला आम्ही रिमोट म्हणतो. जुन्या गाड्यांचे रिमोट कमजोर होतातच. मी कारणं मनात धरून समोर गेले आणि नंबरपाटीवर नजर पडली.

तो नंबर मला पाठ होता. कोर्टात तो इतक्या वेळा वाचला गेला होता की आईसुद्धा झोपेत बडबडायची.

"चाचा, हा कुणाकडून घेतला?"

"आष्ट्याकडच्या एका बागायतदाराकडनं. त्यानं आणि कुणाकडनं तरी घेतलावता. का वो?"

"काही नाही. ठेवून जा. उद्या बघते."

हा ट्रॅक्टर बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या गावच्या हिंदुरावआण्णांचा होता. माझा मोठा भाऊ सर्जेराव त्यावर ड्रायव्हर होता. त्या हिवाळ्यात दादा रोज घरी येऊन सांगायचा, "रिमोट मरतोय. भरलेली ट्रॉली अर्ध्यात अडकती. आण्णांस्नी किती येळा सांगितलं, पंप बघा म्हणून." मग एकदा तो दोन दिवस पाव्हण्यांकडे लग्नाला गेला. परत आला तर ट्रॉली झपाझप वर जायला लागली होती. आण्णा म्हणाले, मिस्त्री आणून नवा पंप टाकला. दादा खूश झाला.

त्यानंतर एका कडाक्याच्या थंडीच्या सकाळी शेणखताची ट्रॉली मळ्यात रिकामी करायची होती. दादानं ट्रॉली उचलली. मागच्या फाळक्याची कडी अडकली होती. मारुती घस्ते हा दादाचा लहानपणापासूनचा जोडीदार. तो कडी ठोकायला खाली वाकला. तेवढ्यात पाइप फुटला, तेलाची चिळकांडी उडाली आणि ट्रॉली खाली कोसळली.

दादानं मारुतीला बाहेर ओढलं, जीपमध्ये घातलं आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन दवाखान्यापर्यंत गेला. मारुती वाटेतच गेला. मागे मळ्यात फक्त हिंदुराव राहिले होते. पोलीस आले तेव्हा फुटलेल्या पाइपाच्या जागी अखंड पाइप होता. सांडलेल्या तेलावर शेणखत पसरलेलं होतं. हिंदुरावांनी जबाब दिला, ट्रॅक्टरमध्ये काही दोष नव्हता, नुकताच नवा पंप टाकला होता, ड्रायव्हर पिऊन होता आणि त्यानं लिव्हर ढकलला.

दादा काही महिने आत होता. पुढे पुराव्याअभावी सुटला. कोर्टानं सोडला, गावानं नाही. मारुतीची बायको गजरावैनी आमच्या दारात येऊन आईच्या तोंडावर बोलून गेली, "माझं कुंकू पुसून तुझा ल्योक भाकरी खातोय." त्यानंतर आई पिठाच्या गिरणीतसुद्धा अंधार पडल्यावर जायची. ती गेली तेव्हा खांदा द्यायला पाव्हणे बोलवावे लागले.

मी तेव्हा बारावी झाले होते. आयटीआयला डिझेल मेकॅनिकला नाव घातलं, तेव्हा लोक हसले. मला एवढंच समजून घ्यायचं होतं, की नुसता लिव्हर ढकलला तर भरलेली ट्रॉली अशी पडते का? पहिल्याच वर्षात समजलं, पडत नाही. लिव्हर ढकलला तर तेल व्हॉल्व्हातून वाट काढत परत जातं आणि ट्रॉली दमानं खाली बसते. पण हे समजून उपयोग काय? सांगणार कुणाला? आणि चांगला चालणारा पाइप तरी असा का फुटावा, हे दादालाही कधी सांगता आलं नाही.

आता तो ट्रॅक्टर माझ्या शेडमध्ये उभा होता.

दुसऱ्या दिवशी चाचा सकाळीच आले आणि खोक्यावर बसून बघत राहिले. मी आधी तेल बघितलं. काळं पडलं होतं, पण भरलेलं होतं आणि फेस नव्हता, म्हणजे पंप कुठून हवा ओढत नव्हता. फिल्टर काढून धुतला. पाइप जोडायची तोंडं बघितली, कारण कधीकधी आतली गोळी पूर्ण उघडत नाही आणि सगळा दोष पंपावर जातो. ती ठीक होती. मग रिमोटच्या तोंडाला प्रेशरचा गेज लावला आणि थंड इंजिन सुरू करून लिव्हर ओढला.

काटा तांबड्या खुणेच्या पलीकडे गेला. नुसता गेला नाही, तिथंच थरथरत राहिला. मी झटकन लिव्हर सोडला.

"काय झालं?" चाचा उठून उभे राहिले.

"एवढं प्रेशर यायलाच नको. त्याच्या आधी व्हॉल्व्ह उघडून तेल मागं सोडतो. नाहीतर पाइप फुटेल."

"आता फुटंल म्हणताय, आणि दुपारी तर नांगर हलत न्हाय!"

"इंजिन तापू द्या."

तेल गरम झाल्यावर पुन्हा गेज बघितला. काटा अर्ध्यावरही चढेना. अवजार उचलणारी ट्रॅक्टरची मागची लिफ्टही तशीच मलूल होती, म्हणजे दोष नुसत्या रिमोटच्या तोंडात नव्हता. पंप झिजला होता. थंडीत तेल दाट असतं, तोवर झिजलेला पंपही जोर करतो. तापून पातळ झालं की आतल्या आत गळतं. एवढं सरळ होतं. पण थंडीतलं ते जास्तीचं प्रेशर?

मी आधी पंप खोलला. कंपनीचा मूळ पंप होता, पहिल्या दिवशी बसवलेला. जोडाला कारखान्यातला रंग तसाच होता, कुणी पान्यानं उघडल्याची खूणसुद्धा नव्हती. आतली चक्रं चरे पडून चकचकीत झाली होती. हिंदुरावांचा 'नवा पंप' कधी आलाच नव्हता.

मग मी प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह खोलला. त्यात एक स्प्रिंग असते. प्रेशर वाढलं की स्प्रिंग दबते आणि तेलाला वाट मिळते. त्या स्प्रिंगच्या मागे जाड वायसरी, म्हणजे लोखंडी चकत्या, घातल्या होत्या. स्प्रिंग इतकी आवळली होती की तिला दबायला जागाच नव्हती. पंपाचा खर्च टाळायला कुणीतरी ही युक्ती केली होती. प्रेशर वाढलं, ट्रॉली झपाझप चढायला लागली आणि थंडीतल्या एका सकाळी जुना पाइप फाटला.

तेलाचे हात न पुसताच मी वायसरी चाचांपुढे धरल्या. त्यांना सगळं सांगितलं.

"बाई, एक बोलू का? पंपाचं खोटं निघालं, हे खरं. पन वायसरी त्यानंच घातल्या कशावरनं? मधी दोन मालक झालं. तो म्हणंल, मला काय ठाव."

ते बरोबर बोलत होते. वायसरींवर कुणाचं नाव नसतं.

"चाचा, ट्रॅक्टर मला आठवडाभर देता का? पंप मी माझ्याकडचा बसवून देते."

"काय करनार?"

"त्याच्याच तोंडून वदवणार."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि चावी माझ्या हातात ठेवली. "पन कुनाला मारू नका," एवढंच म्हणाले.

मला न्याय वगैरे नको होता. तो वेळ गेला होता, आई गेली होती. मला त्या माणसाचं तोंड बघायचं होतं. महिन्याभरापूर्वीच गावच्या विकास सोसायटीनं नवा ट्रॅक्टर घेतला होता आणि दादानं ड्रायव्हर म्हणून विचारलं होतं. हिंदुराव सोसायटीचे चेअरमन. ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, "ज्याच्या हातनं मानूस गेलं, त्याच्या हातात सभासदांची लेकरंबाळं द्यायची व्हय?" दादा त्या दिवशी घरी येऊन म्हशीला पाणी पाजत बसला. म्हैस पिऊन झाली तरी बादली धरून बसलेला.

सोसायटीत खताची गाडी यायची होती, ती सकाळ मी धरली. अख्खं गाव आवारात जमतं. दादाला म्हटलं, "चल, मला सोबत पायजे." ट्रॅक्टर बघून तो जागीच थांबला. मग मडगार्डवर बसला. मी त्याला बाकी काही सांगितलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर सगळं उमटतं.

मुरमानं भरलेली ट्रॉली घेऊन मी आवारात शिरले, तेव्हा धुकं उठायचं होतं. हिंदुराव ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. शेजारी त्यांचा मुलगा विक्रम पावत्या फाडत होता. अपघात झाला तेव्हा हा विक्रम कोल्हापूरच्या बोर्डिंगात शाळा शिकत होता. बापाचा त्याला फार अभिमान. गजरावैनी पोत्याच्या रांगेत उभ्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी पदर ओढून तोंड फिरवलं.

"हे भंगार कुठनं आणलंस गं वैजे?" हिंदुराव म्हणाले. पण नंबर बघून त्यांचा आवाज मध्येच बसला होता.

"ओळखलंत की, आण्णा. तुमचाच हाय."

"कशाला आणलाईस हितं?"

"दादाला काम द्यायचं न्हाई म्हणालात. माणूस त्याच्या चुकीनं गेला म्हणालात. मग आज सगळ्यांसमोर बघू. हाच ट्रॅक्टर, हीच थंडी." मी लिव्हर ओढला. जॅक सरसर वर गेला आणि मुरमाची ट्रॉली धुक्यात उभी राहिली. "ट्रॅक्टरमध्ये दोष नव्हता, असं तुम्ही शपथेवर सांगितलंय. नवा पंप होता. होता न्हवं?"

"व्हता. सांगितलंय की."

"मग या खाली. मारुतीदादा जिथं वाकला होता, तिथं उभं राहा. लिव्हर माझ्या हातात आहे आणि मी प्यालेली न्हाई."

आवारात पोती उचलणारे हात थांबले. हिंदुरावांनी हसायचा प्रयत्न केला. "खुळी झालीस काय? माझं गुडघं धरल्यात. असला तमाशा कराय मला येळ न्हाय."

"दोन पावलं चालायला गुडघं लागत न्हाईत, आण्णा."

"जावा की आण्णा," मागून कुणीतरी म्हणालं. "दोष न्हाय तर भ्या कसलं?"

"ए, कोन बोललं रं?"

कुणी नाव सांगितलं नाही, पण कुणी नजरही खाली घातली नाही. हिंदुरावांचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट आवळला होता. मी वाट बघत होते. ते नुसते नाही म्हणाले असते, तरी मला पुरलं असतं. गावाला समजलं असतं.

तेवढ्यात विक्रमनं पावतीपुस्तक टेबलावर आपटलं. "आण्णांनी कशाला जायचं? मी जातो. माझ्या बापानं खोटं सांगितलं म्हणतेस काय गं तू?"

तो तरातरा ओट्यावरून उतरला. हे मी धरलेलं नव्हतं. त्याला थांबवणं माझ्या हातात होतं, तोंडातून एक शब्द काढला असता तर पुरला असता. मी काढला नाही.

"वैजे, नको!" दादा मडगार्डवरून उडी मारून ओरडला. "पोराला बाजूला घे! विक्रम, बाळा, नको जाऊस!"

विक्रम वाकून ट्रॉलीखाली शिरला, मारुती वाकला होता अगदी त्याच जागी. वर मुरमाचं वजन. त्यानं तिथून बापाकडे बघितलं आणि हात पसरले. "बघा! काय हुतंय?"

मी लिव्हरवर हात ठेवून हिंदुरावांकडे बघत राहिले. मला ट्रॉली बघायचीच नव्हती.

त्यांची खुर्ची उलटी पडली. धोतराचा सोगा पायात अडकला, ते पायऱ्यांवर गुडघ्यावर पडले आणि तिथूनच किंचाळले, "इक्या, भाईर ये! भाईर ये! वायसरी हायत त्यात! वालाला वायसरी घातल्यात मी, पाइप फुटंल! इक्या!"

विक्रम बाहेर आला. त्याला घाई नव्हती. तो वाकलेला सरळ झाला आणि बापाकडे बघत उभा राहिला.

"कसल्या वायसरी, आण्णा?" मी विचारलं. "मी तर वायसरींचं नावसुद्धा काढलं न्हाई."

त्यांनी आवारातल्या प्रत्येक माणसाकडे बघितलं, एखादा तरी आपल्या बाजूचा आहे का म्हणून.

मी लिव्हर ढकलला. भरलेली ट्रॉली उतरायला लागली. दमानं, कुरकुरत, थांबल्यासारखी होत. सगळे बघत होते. "लिव्हर ढकलला की ट्रॉली अशी येती," मी म्हणाले. "एवढ्या वेळात मारुतीदादा बाहेर येऊन तंबाखू मळत बसला असता."

रांगेतून गजरावैनी पुढे आल्या. मला वाटलं त्या दादाकडे जातील. त्या हिंदुरावांसमोर जाऊन थांबल्या.

"तेराव्याला तू तांदूळ धाडलावतास," त्या म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता. "आणि तूप. मी तुझ्या पायाला लागले व्हते. समद्यांम्होरं."

त्या वाकल्या, हिंदुरावांच्या पायापासची चिमूटभर माती उचलली आणि त्यांच्याच अंगावर टाकली. मग पदर डोक्यावर सारखा करून दादापाशी आल्या. दादा ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून रडत होता. त्या त्याच्याशेजारी खाली बसल्या.

त्याच दिवशी त्या पोलीस ठाण्यात गेल्या. बरोबर दादा होता आणि आवारातली माणसं होती. पण मला खरं वाटलं नाही ते पुढचं. विक्रमनं साक्ष दिली. बाप काय ओरडला ते त्यानं शब्दन्‌शब्द लिहून दिलं. त्याच आठवड्यात बायकोमुलाला घेऊन तो वेगळा राहायला गेला. चेअरमनपद गेलं. नव्या चेअरमननं दादाला बोलावणं धाडलं. दादा गेला, सोसायटीचा ट्रॅक्टर त्यानं पुढे कितीतरी वर्षं चालवला.

केस पुन्हा उभी राहायची होती, तेव्हाची गोष्ट. एका दुपारी हिंदुराव माझ्या शेडच्या दारात उभे दिसले. जीप नव्हती, एसटीनं आले होते. दाढी वाढलेली. मी एका पाइपाला तोंड दाबून बसवत होते, ते काम मी थांबवलं नाही.

"एकच इचारायचंय," ते म्हणाले. "त्या दिवशी... इक्या खाली हुता तवा. वायसरी तशाच हुत्या?"

"न्हवत्या."

त्यांना ते ऐकू आलं नसावं असं वाटून मी पुन्हा सांगितलं. "न्हवत्या, आण्णा. मी आदल्याच दिवशी काढल्या. पंप नवा घातला, पाइप नवा घातला. जॅकच्या तोंडाला एक जादा व्हॉल्व्हही बसवला. पाइप कुऱ्हाडीनं तोडला असता तरी तेल जॅकमध्येच अडकलं असतं आणि ट्रॉली जागची हलली नसती. तुमच्या पोराच्या केसालाही धक्का लागणार नव्हता."

त्यांनी दाराची चौकट धरली.

"म्हंजे मी वरडलो नसतो तर..."

"तर विक्रम हसत बाहेर आला असता. गावानं मलाच खुळ्यात काढलं असतं. दादा जन्मभर खुनी राहिला असता आणि तुम्ही चेअरमन."

ते बाहेरच्या बाकावर बसले. कडक ऊन होतं आणि त्यांच्या ओठांना कोरड पडलेली दिसत होती. दारी आलेल्या माणसाला पाणी विचारायची आपल्याकडे रीत आहे.

मी विचारलं नाही. दुसरा पाइप घेतला आणि मशीन सुरू केलं.